अर्थिंगचं पाणी

१

रजतला न्हाऊ घालायचं म्हटलं की दिपालीला धास्ती वाटायची. लेकरू पाच महिन्यांचं, अंगाला तेल लावलेलं, हातातून कधी निसटेल याचा नेम नाही. पाणी जास्त गरम तर नाही ना, म्हणून ती कोपर बुडवून बघायची, मग पुन्हा बघायची, तोवर पाणी गार झालेलं असायचं. तिच्या सासूबाई, सुलोचनाबाई, मागच्या सांदवाडीत, उघड्या परसात, दगडावर पाय लांब करून बसायच्या, नातवाला पायांवर पालथं घालायच्या आणि गडूगडूने पाणी ओतून मोकळ्या व्हायच्या. ते पाणी नालीत जायचं नाही. दगडापासून एक बारीक पाट काढलेला होता, तो भिंतीलगतच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरायचा. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला, मधोमध लोखंडी पाइप. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग काम करत नाही आणि घरातली लाइन कमीजास्त होते, म्हणून या घरात लेकराच्या आंघोळीचं पाणी त्या खड्ड्याला द्यायची रीत होती. दिपालीचा नवरा गजेंद्र लहान होता तेव्हा त्याचंही पाणी तिथेच मुरलं होतं.

वैशाखात सुलोचनाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी गिरडला गेल्या. जाताना पिशवी हातात घेऊन त्या दारातच वळल्या आणि म्हणाल्या, "दगडावरच न्हाऊ घालजो त्याले. खड्डा वाळू देजो नोको."

दिपाली हो म्हणाली. पण कारंजाचं ते ऊन, हायवेवरून उडत येणारी ट्रकांची धूळ आणि दहा वाजल्यापासूनच अंगाला चटके देणारी लू. रजतला सर्दी होईल, लू लागेल, डोळ्यांत धूळ जाईल. तिने त्याला आतल्या न्हाणीत न्हाऊ घालायला सुरुवात केली. पाणी नालीतून वाहून जायचं. संध्याकाळी एक बादली खड्ड्यात टाकू, असं रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं.

२

गजेंद्र बुटीबोरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, शनिवारी घरी यायचा. दिपालीचा भित्रा जीव त्याला ठाऊक होता. लेकरू पुढच्या खोलीत पाळण्यात आणि ती मागे स्वयंपाकात, तेवढ्यात छपराच्या कवेलूतून विंचू पडला तर, मांजर शिरलं तर, असं तिचं दिवसभर चालायचं. म्हणून त्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला एक छोटा कॅमेरा लावून दिला. कॅमेरा पाळण्याच्या वर, आड्याला बांधलेला. वायर खिडकीतून मधल्या खोलीत. तिथे टेबलावर स्क्रीन आणि दोन बोटभर स्पीकर, खाली कॉम्प्युटरचा डबा. पोळ्या लाटता लाटता मान वळवली की लेकरू दिसायचं, त्याचा हुंकारसुद्धा ऐकू यायचा.

सुलोचनाबाईंनी तेव्हा एवढंच म्हटलं होतं, की आमची चार लेकरं मोठी झाली, कोणी टीव्हीत नाई पाह्यली.

सासूबाई गेल्यानंतरची एक दुपार. रजत सकाळपासून किरकिरत होता. दूध झालं, लंगोट बदलून झाला, ग्राइप वॉटर झालं, खांद्यावर घेऊन फेऱ्या झाल्या. दिपालीने अजून तोंडात घास घातला नव्हता. त्याला पाळण्यात टाकून ती मधल्या खोलीत ताट घेऊन बसली, तर स्पीकरमधून तो पुन्हा सुरू झाला. स्क्रीनवर त्याचं लालबुंद तोंड, वर केलेल्या मुठी. ती बघत राहिली. हातातला घास तसाच. मग तिने हात लांब केला आणि स्पीकरचं गोल बटन उलटं फिरवलं. टक्‌ असा आवाज होऊन ते बंद झालं.

चित्रात तो रडतच होता, फक्त आवाज नव्हता. किती बरं वाटलं तिला. तसं बरं वाटलेलं तिला पुढे कधीच विसरता आलं नाही.

दुसऱ्याच क्षणी डोक्यावरचा दिवा पांढराफटक झाला. पंखा कधी फिरला नव्हता तसा घरघरत सुटला, कूलर गुरगुरला, आणि टेबलाखालून फट्‌ आवाज होऊन जळक्याचा वास आला. स्क्रीन काळी.

ती पुढच्या खोलीत धावली. रजत गप्प होता. गालांवर आसवं तशीच ओली, पण तो शांत पडून वर कॅमेऱ्याकडे बघत होता, आत्ताच कुणी कडेवरून खाली ठेवल्यासारखा.

३

गजेंद्रने फोनवरून एकेक विचारलं. आधी प्लग काढ. आता लाव. बटन दाब. मागचा पंखा फिरते का? नाही फिरत. वास कुठून येते, स्क्रीनमधून की डब्यातून? दिपालीने रजतला कडेवर घेऊन, वाकून, डब्याच्या मागे नाक नेलं. सातवीनंतर शाळा सुटलेली, पण हातांना समज होती. जळक्याचा वास जाळीतून येत होता.

"मंग पॉवर सप्लाय गेला," तो म्हणाला. "योगेंद्रले पाठवतो."

योगेंद्र गजेंद्रचा मावसभाऊ, बसस्टँडजवळ मोबाइल-कॉम्प्युटरचं दुकान चालवायचा. संध्याकाळी आला, पेचकसने डबा उघडला, जळका पॉवर सप्लाय काढून दुसरा बसवला. पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच, आणि आतून बीप बीप. त्याने रॅमची पट्टी उपसली आणि खोडरबर मागितलं. दिपालीने नणंदेच्या जुन्या कंपासातून शोधून दिलं. त्याने पट्टीचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, पट्टी पुन्हा खोचली. या वेळी चित्र आलं. कोपऱ्यातलं घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालातलं दाखवत होतं. आतला सेल गेला म्हणून, असं तो म्हणाला. स्पीकर मात्र दोन्ही मेले होते. त्याने त्यांच्या वायरी काढून, गुंडाळून, टेबलावर ठेवून दिल्या. नवे मिळाले की आणून देईन म्हणाला.

जाताना तो सांदवाडीत गेला. खड्ड्यावरची फरशी सरकवून त्याने आत हात घातला, तर बोटांना राख लागावी तशी कोरडी माती लागली.

"पाणी टाकत नव्हते का वयनी इथे?"

"टाकत होती न. कालच्याले राह्यलं फक्त."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. लाइनचं काही सांगता येत नाही, खांबावरच्या डीपीवरूनच जास्त आली असेल, असं म्हणून त्याने हात झटकले. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं दिपालीला वाटलं. खड्ड्याचं निदान कुणी विचारलं तरी. बटनाचं कुणी विचारणार नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कणीक मळता मळता स्क्रीनकडे मान वळवली. रजत झोपलेला होता आणि पाळणा हलत होता.

हलेलच, तिने मनाशी म्हटलं, आत्ताच झोका देऊन आले. पण झोके विझत चालले नव्हते. एका लयीत, एका उंचीचे. पाळण्याची दोरी ताठ होऊन एका कोपऱ्याकडे ओढली जायची, सैल पडायची, पुन्हा ताठ. तो कोपरा कॅमेऱ्यात येत नव्हता.

कणकेच्या हातांनी ती धावली. पाळणा स्थिर. दोरी खाली लोंबत होती. खोलीत पंख्याचा आवाज आणि लेकराचा श्वास. कोपऱ्यात गाद्यांची चवड आणि तिच्यावर दुमडलेली चटई, नेहमीसारखी.

गजेंद्रने फोनवर सांगितलं, की जुना कॉम्प्युटर आहे, चित्र मागून येत असेल. तू झोका दिला तेव्हाचं आत्ता दिसलं असेल. तिला ते पटलं. पटवून घेतलं. पोळ्या झाल्या, भाजी झाली, आणि भांडी घासताना तिच्या मनात आलं, की ती झोका देते तेव्हा दाराशी उभी राहते. कोपऱ्याकडे ओढून तिने कधीच दिला नव्हता.

त्या दिवसापासून रजत रडेनासा झाला. ती आंघोळ करून यायची तर हा जागा, हसरा, वर बघत पडलेला. भूक लागली तरी कुरकुरायचा नाही. गिरडहून सुलोचनाबाईंनी फोनवर विचारलं, "आवाजच नाई येत लेकराचा, झोपला काय?" दिपाली म्हणाली, "नाई जी, शहाणा झाला तो." आणि म्हणताना तिला लाज वाटली. त्याने रडू नये म्हणून आपण काय काय इच्छिलं होतं, ते तिला ठाऊक होतं.

एकदा तिने त्याला पाळण्यातून उचललं तर त्याची तीट उजव्या कानशिलावर होती. ती डाव्या गालावर लावायची. आपण आज घाईत तिकडे लावली असेल, असं म्हणून तिने निरखून पाहिलं. तिची तीट नेहमी पसरायची, हात थरथरायचा ना. ही गोल होती, मुगाच्या दाण्याएवढी, नेटकी.

त्या संध्याकाळी तिने निश्चय करून बादली भरली आणि सांदवाडीत गेली. फरशी सरकवली. खड्डा ओला होता. नुसता ओला नव्हे, पाणी वर तरंगत होतं, दुधट, आणि त्याला मसुराच्या पिठाचा आणि सायीचा वास होता. दगडही ओला होता. दगडावर दोन लांब कोरडे पट्टे राहिले होते, कुणी पाय पसरून बसल्यावर राहतात तसे.

ती भरली बादली घेऊन परत आली. आत येऊन तिने सगळ्यात आधी रजतचं डोकं हुंगलं. तोच वास होता. मग न्हाणीचं दार लावून उगाच बसून राहिली.

५

शनिवारी गजेंद्र आला. रजतला छातीवर घेऊन तो कॉम्प्युटरपुढे बसला. दिपालीने त्याला सगळं सांगितलं नाही. पाळण्याचं सांगितलं, तिटेचं सांगितलं, खड्ड्याजवळ मात्र थांबली. खड्ड्याचं सांगायचं तर तो कोरडा कसा पडला तेही सांगावं लागलं असतं.

त्याने बराच वेळ बटनं दाबली. वायर काढून लावली, कॅमेरा पुसला, पाळणा हलवून बघितला. तो हात हलवायचा तेव्हाच चित्रातही हलायचा, मागे-पुढे काही नाही.

"अवं, जुनं दिसन तरी कसं?" तो म्हणाला. "याच्यात रेकॉर्डिंग चालूच नाई केली मी कधी. आज दाखवते अन् विसरून जाते, बस."

 इतके दिवस दिपालीने ज्या आधाराला धरून ठेवलं होतं, तो त्याने सहज काढून घेतला होता.

तिचा चेहरा पाहून त्याला वाईट वाटलं असावं. आई गिरडला गेल्यापासून तू एकटी, झोप नाई, खाणं नाई, असं तो म्हणाला आणि हसून पुढे म्हणाला, की हे डबडं आणलं तेच चुकलं, आता लेकरू सांभाळणारी ही टीव्हीवाली बाई बंद. रविवारी जाण्याआधी त्याने कॅमेऱ्याची वायर डब्यातून उपसली आणि खुंटीला टांगून ठेवली. कॅमेरा आड्यालाच राहिला.

त्याची मोटरसायकल हायवेला लागली तसा रजत रडू लागला.

६

तो रात्रभर रडला आणि सकाळीही रडत होता. असं रडणं दिपालीने ऐकलं नव्हतं. दूध घेईना. कडेवर घेतलं की पाठ कमानीसारखी वाकवून मागे पडायचा, तिच्या छातीला दोन्ही तळवे लावून तिला दूर ढकलायचा. ती त्याला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली. कान बघितले, पोट दाबून बघितलं, काही नाही म्हणाले, उन्हाळा आहे, पाणी पाजत जा. रिक्षातही तो रडत होता. घरात शिरल्यावर त्याने मान वळवली ती पुढच्या खोलीकडे. आणि खोलीत पाळणा दिसला तरी तो पाळण्याकडे बघत नव्हता. गाद्यांच्या कोपऱ्याकडे बघून रडत होता, जवळच्या माणसाने घ्यावं म्हणून लेकरं रडतात तसा.

दुपार चढली. कूलरचं पाणी संपलं होतं, भरायला तिला उठवेना. डोक्यात नुसता त्याचा आवाज. तिने त्याला पाळण्यात ठेवलं आणि मधल्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसली. तो रडतच होता. दारं उघडी होती, आता फिरवायला बटन नव्हतं.

कुणीतरी घ्या रे याला, असं तिच्या तोंडून आलं. मोठ्याने नाही. ओठातल्या ओठात.

मग ती उठली आणि खुंटीवरची वायर काढून तिने डब्यात खोचली. कॉम्प्युटरचं बटन दाबलं. मागचा पंखा फिरू लागला.

चित्र यायच्या आतच पुढच्या खोलीतलं रडणं थांबलं.

स्क्रीन उजळली. कोपऱ्याकडून एक बाई आली. कॅमेरा वर असल्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता भांग, भांगातलं कुंकू, पाठीवरचा सैल अंबाडा. दिपालीने त्या दिवशी नेसलेली लिंबोळी रंगाची साडी तिच्याही अंगावर होती, पण इस्त्रीची, निऱ्या बसलेल्या. तिला घाई नव्हती. तिने पाळण्यात वाकून रजतचं डोकं एका तळव्यावर घेतलं, दुसरा हात पाठीखाली घातला, आणि त्याला उचललं. हात जरासुद्धा थरथरले नाहीत. रजत तिच्या खांद्यावर मान टाकून राहिला.

मग ती कोपऱ्याकडे वळली. एक पाऊल, दुसरं. कॅमेऱ्यातून जाताना तिने मान वर करायला सुरुवात केली. दिपालीने डोळे गच्च मिटले आणि तशीच चाचपडत पुढच्या खोलीत धावली.

७

रजत पाळण्यातच होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तो रडत होता. तोंड उघडलेलं, टाळा दिसत होता, जीभ थरथरत होती, मुठी वर, चेहरा लालबुंद. आणि आवाज नव्हता.

दिपालीने त्याला छातीशी धरलं, हलवलं, पाठ थोपटली, तोंडात बोट घालून पाहिलं. त्याचं सगळं अंग हुंदक्यांनी हादरत होतं, तिला ते आपल्या हाडांत जाणवत होतं. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. नुसता वारा.

तेवढ्यात मधल्या खोलीतून तो ऐकू आला. तिच्या लेकराचा आवाज, तिने हजारांत ओळखला असता. रडून रडून दमलेला, आणि त्यावर कुणीतरी हळू हळू "हं, हं, हं" करत होतं.

ती त्याला घेऊन दारात आली. टेबलावर ते दोन स्पीकर होते, वायरी गुंडाळलेल्या, योगेंद्रने ठेवले तसेच, कशालाही न जोडलेले. आवाज तिथून येत होता. स्क्रीनवर रिकामा पाळणा.

तिने झेप घेऊन कॅमेऱ्याची वायर धरली. ओढायला लागली तसा आवाज बारीक होत गेला, विहिरीत उतरत गेल्यासारखा. कडेवरचं लेकरू ताठ झालं. तिने हात सोडला, आवाज पुन्हा वर आला. वायर काढली तर तो कुठे जाईल? कॉम्प्युटर बंद केला तर? तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण स्पीकरचं बटन टक्‌ करून फिरवलं होतं ते तिच्याच बोटांनी. बंद झालेलं परत येतं की नाही, हे बघायची तिची हिंमत नव्हती.

संध्याकाळी वारा सुटला. हायवेच्या बाजूने आभाळ मातकट झालं, विजेच्या तारा एकमेकींवर आपटू लागल्या. घरातला दिवा एकदा पांढरा झाला, एकदा पिवळा. मधल्या खोलीतला आवाज दिव्याबरोबर वर-खाली झाला. त्या दिवसासारखी लाइन वाढून डबा पुन्हा जळला, तर तो आवाजही गेला.

दिपालीने रजतला कडेवर घेतलं आणि सांदवाडीत पळाली. फरशी सरकवली. खड्डा कोरडा होता, अगदी तळापर्यंत, योगेंद्रने हात घातला होता त्या दिवसासारखा. तिने टाकीतून बादली भरून ओतली. माती सुंसुं करत पाणी प्यायली. तिने दुसरी ओतली. पदर सुटला होता, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती, कडेवरचं लेकरू उघड्या तोंडाने तिच्या खांद्यावर डोकं आपटत होतं.

फोन वाजला. गिरडहून सुलोचनाबाई. वादळ सुटलं म्हणून चौकशी करत होत्या. मधल्या खोलीची खिडकी दिपालीच्या पाठीशीच उघडी होती.

"काऊन रडून राह्यला वं तो एवढा?" त्या म्हणाल्या. "घे न त्याले."

"घेतलं जी, आई."

खिडकीतून "हं, हं" ऐकू आलं. रडणं थोडं अडखळलं, हुंदक्यावर आलं, मग थांबलं. एक लहानसा समाधानाचा हुंकार. रजतचे ओठ दिपालीच्या मानेशी थरथरतच होते.

"हां, पाह्य, लगेच चूप झाला," फोनमध्ये सुलोचनाबाई हसल्या. "आईचा हात ओळखते लेकरू."

आतला दिवा मंद झाला, बराच वेळ तसाच राहिला, मग सावरला. दिपालीने फोन कमरेला खोचला, रजतला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि पुन्हा बादली भरायला गेली.